एन्कॉस्टिक : मेणाचा थर पाटीवरून पापुद्र्यासारखा सुटून येतो, माझे नेमके कुठे चुकते?

शिकाऊ_कुंचला

नमस्कार. गेली सहा वर्षे मी जलरंग आणि ॲक्रिलिक या माध्यमांत काम करत आहे. रीतसर कलाशिक्षण झालेले नाही. जे काही जमते ते बरेच कागद वाया घालवून जमलेले आहे. तीन महिन्यांपूर्वी एन्कॉस्टिकला, म्हणजे तापवून पातळ केलेल्या मेणातल्या रंगकामाला हात घातला आणि तेव्हापासून दुसरे काही करावेसे वाटत नाही. परंतु आता अशा जागी अडलो आहे की, अनुभवी मंडळींना विचारल्याशिवाय पुढे जाणे म्हणजे मेण नासवणेच होईल.

आधी माझी पद्धत सांगतो, म्हणजे चूक शोधणे सोपे जाईल. मीडियम, म्हणजे रंग कालवायचे मेण-राळेचे मिश्रण, मी स्वतःच तयार केले. ४०० ग्रॅम शुद्ध केलेले मधमाश्यांचे मेण आणि ५० ग्रॅम डमार राळ, म्हणजे वजनाने आठास एक असे प्रमाण घेतले. राळेचे खडे फोडून मेणात वितळवले, सालीचा कचरा तळाशी बसू दिला आणि वरचे मिश्रण सुती कापडातून गाळून वड्या पाडल्या. रंगासाठी काही वेळा कोरडी रंगद्रव्ये वापरली, तर काही वेळा नळीतला तैलरंगच मेणात कालवला. चित्रासाठी २० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या प्लायवूडच्या पाट्या घेतल्या, जुन्या सवयीने त्यांना ॲक्रिलिक जेसोचे, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या लेपाचे, दोन हात दिले आणि जेसो पूर्ण वाळल्यावर मेणाचे थर चढवत गेलो. प्रत्येक थरानंतर गरम हवा सोडणारी हीट गन फिरवून तो खालच्या थराशी एकजीव करण्याचा प्रयत्न करतो.

सर्वांत त्रासदायक अडचण अशी की, सात चित्रांपैकी दोन चित्रांत मेण पाटीपासून सुटले. त्यातली एक पाटी टेबलाच्या कडेला जराशी आपटली आणि कोपऱ्यातून तळहाताएवढा तुकडा अखंड निघून आला. दुसरे म्हणजे, मन लावून काढलेली बारीक रेघ हीट गनची हवा लागताच पसरते आणि शेवटी तिचा ओघळ होतो. शिवाय थराला टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रे पडतात. दोन आठवडे ठेवलेल्या एका गडद निळ्या चित्रावर तर पांढुरकी साय आली आहे; ती बुरशी आहे की काय, अशी शंका येते.

माझ्या हॉट प्लेटवर तापमानाचे आकडे नाहीत, केवळ कमी, मध्यम आणि जास्त अशा खुणा आहेत. मध्यमवर ठेवल्यास कधी कधी मेणातून हलका धूर निघतो. तो चालतो का, हेही कृपया सांगावे.

मेणपाटी

आपण पद्धत इतकी तपशीलवार लिहिली आहे की निम्मे उत्तर तुमच्याच परिच्छेदात सापडते. तरीही अंदाजाने निकाल देण्यापूर्वी एक गोष्ट पाहून सांगा. तो सुटून आलेला तुकडा टाकून दिला नसेल, तर उलटा करा आणि त्याची पाठ उजेडात तिरपी धरून बघा. पाठीवर मेणाचा साधा, स्वच्छ थर असेल, पाटीवर जेसो उघडा पडला असेल आणि तुकड्यावर जेसोतल्या कुंचल्याच्या रेषांचा ठसा उमटलेला असेल, तर दोष जमिनीचा, म्हणजे मेणाखालच्या पृष्ठभागाचा आहे. याउलट पाटीवर काही मेण शिल्लक राहून तुकडा दोन रंगांच्या मधून सुटला असेल, तर थर एकमेकांशी एकजीव झालेले नाहीत. दोन्ही दोषांत चित्र सारखेच पडते, पण उपाय अगदी वेगळे आहेत.

माझा संशय जेसोवर आहे. ॲक्रिलिक जेसो म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिकच. वाळल्यावर त्याचा बंद, लवचीक पडदा तयार होतो. मेण चिकटते ते गोंदासारखे नव्हे. ते पातळ होऊन लाकडाच्या किंवा कागदाच्या तंतूंमध्ये शिरते आणि तिथे गोठते, म्हणून धरून राहते. ज्या पृष्ठभागात शिरायला वाटच नाही, त्यावर मेण केवळ बसलेले असते. जोवर कोणी धक्का देत नाही तोवर ते बसून राहते, आणि म्हणूनच हा दोष लगेच उघडकीला येत नाही. दुसरे म्हणजे, जेसोचा पडदा वाकतो आणि मेणाचा थर वाकत नाही; हा विजोड संसार फार काळ टिकत नाही. जमीन पांढरी हवी असेल, तर मेणासाठी मुद्दाम बनवलेला, चुना-खडूचे प्रमाण जास्त आणि बंधक कमी असलेला, शोषून घेणारा जेसो मिळतो, तो वापरावा. तो मिळाला नाही तर कोरे लाकूड उत्तम. कोऱ्या लाकडाचा रंग मेणाखालून झळकतो तेव्हा पांढऱ्या जमिनीची आठवणही येत नाही, हे माझे वैयक्तिक मत आहे.

कोऱ्या पाटीवर सुरुवात कशी करायची, हे जरा सविस्तर सांगते, कारण सगळी मदार तिथेच आहे. पाटी आधी कोमट करून घ्यावी. हाताला ऊब लागेल इतकी, चटका बसेल इतकी नव्हे. त्यावर रंग नसलेल्या स्वच्छ मीडियमचा पातळ हात द्यावा आणि मग हीट गन सावकाश फिरवून ते मेण लाकडात मुरू द्यावे. मुरताना डोळ्यांना दिसते: ओलसर चकाकी येते, लाकडाच्या शिरा गडद होतात आणि मग काही ठिकाणी चकाकी आपोआप मंदावते, कारण तिथले मेण आत गेलेले असते. तिथे पुन्हा हात द्यावा. असे दोन थर झाले की जमीन तयार झाली. पाटी कोमट असल्यामुळे लाकडातली हवा आधीच बाहेर पडते आणि तुमची टाचणीची छिद्रेही बरीच कमी होतात. ती छिद्रे बहुतांशी लाकडातून किंवा घाईने मारलेल्या कुंचल्यातून अडकलेल्या हवेची असतात. कुंचला भरून घ्यावा, एकाच दिशेने सावकाश ओढावा, पुन्हा पुन्हा घासू नये.

आता एकजीव करण्याविषयी. शिकणाऱ्याची नेहमीची समजूत अशी असते की, पृष्ठभाग चमकला म्हणजे काम झाले. चमक ही केवळ वरच्या कातडीची असते. थर जाड असेल तर वर तळे साचलेले असते आणि तळाशी खालचा थर अजून थंडच असतो. दोन्ही एकमेकांना भेटतच नाहीत. म्हणून थर पातळ ठेवावा, इतका पातळ की उष्णता त्याच्यातून पार होऊन खालच्या थराची वरची कातडीही क्षणभर मऊ करील. हीट गन १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर, कमी वेगावर धरावी आणि एका जागी थांबू नये.

आणि तैलरंगाचे. नळीतला रंग थेट कालवू नका. त्यातल्या तेलामुळे मेण मऊ राहते आणि ते नीट घट्ट होत नाही. रंग आधी शोषक कागदावर रात्रभर पसरून ठेवावा. कागदावर तेलाचे पिवळट वर्तुळ उमटते, आणि जे मागे उरते ते वापरावे, तेही बेताने.

शिकाऊ_कुंचला

मनःपूर्वक आभार. तो तुकडा मी डब्यात जपून ठेवला होता, रागाने फेकला नाही याचे आता बरे वाटते. आपण म्हणालात तसेच आहे. तुकड्याची पाठ काचेसारखी गुळगुळीत आहे आणि तिरपी धरली की जेसो लावताना मी डावीकडून उजवीकडे ओढलेल्या कुंचल्याच्या सगळ्या रेषा तिच्यावर उमटलेल्या दिसतात. अगदी जिथे कुंचल्याचा एक केस जेसोत अडकला होता, त्याचीही बारीक खोबण आहे. पाटीवरचा जेसो मात्र जसाच्या तसा, पांढराशुभ्र. म्हणजे मेणाने जेसोची हुबेहूब नक्कल उतरवून घेतली, पण त्याचा हात काही धरला नाही.

राळ_आणि_राख

तापमानाचा आणि धुराचा प्रश्न मागे राहून गेला आहे, आणि माझ्या मते तोच आधी सोडवायला हवा. मधमाश्यांचे मेण साधारण ६३ अंश सेल्सिअसला वितळते. राळ मात्र त्याहून बऱ्याच वर, १०० अंशांच्या पुढे विरघळते, म्हणून मीडियम तयार करताना थोडा वेळ तापमान वर न्यावे लागते. अनेकांचा घोटाळा इथेच होतो. मीडियम बनवतानाचे तापमान हेच रंगवतानाचेही तापमान, असे ते समजतात. प्रत्यक्षात एकदा राळ मेणात मिसळली की रंगवण्यासाठी ८० ते ९३ अंश पुरेसे आहेत, आणि ९३ ही मर्यादा ओलांडू नये. मेण त्याच्या वर तापत गेले की ते विघटित होऊ लागते आणि त्यातून डोळे व घसा चुरचुरवणारी द्रव्ये बाहेर पडतात. ॲक्रोलीन हे त्यांतले एक. डोळ्यांना दिसणारा धूर ही शेवटची सूचना असते, पहिली नव्हे. तेव्हा धूर चालतो का, या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. धूर दिसताक्षणी प्लेट बंद करावी.

आकडे नसलेल्या हॉट प्लेटवर काम करणे म्हणजे मीठ न चाखता स्वयंपाक करणे आहे. प्लेटच्या पृष्ठभागावर ठेवायचा साधा गोल तापमापक घ्या. तापमान दुरून मोजणाऱ्या यंत्रापेक्षा मला तो जास्त विश्वासाचा वाटतो, कारण चकचकीत धातूवर ते यंत्र चुकीचा आकडा दाखवते. एकदा मध्यम खुणेवर किती अंश होतात हे कळले, की पेनने प्लेटच्या कडेला खूण करून ठेवा.

हवेची सोय म्हणजे खिडकी उघडणे नव्हे. हवा तुमच्या तोंडावरून मागे जाण्याऐवजी पॅलेटवरून थेट बाहेर खेचली गेली पाहिजे, म्हणजे पंखा बाहेरच्या दिशेने तोंड करून खिडकीत बसवलेला असावा आणि पॅलेट त्याच्याजवळ असावे. कोरडी रंगद्रव्ये कालवताना तोंडाला धुळीसाठीचा मास्क लावावा; शिसे किंवा पारा असलेले जुने रंग तर या माध्यमात घेऊच नयेत. टर्पेंटाइन किंवा तसला कोणताही द्रावक तापलेल्या प्लेटच्या जवळपास आणू नये. मेणाने पेट घेतल्यास पाणी ओतू नका, कारण पाण्याने पेटते मेण उसळून सर्वत्र उडते. झाकण ठेवून हवा तोडावी किंवा खाण्याचा सोडा टाकावा. म्हणून प्रत्येक भांड्याला बसणारे झाकण हाताशी असावे.

कुंचले नैसर्गिक केसांचेच घ्या, कृत्रिम केस उष्णतेने वाकडे होतात. ते धुण्याच्या फंदात पडू नका. प्रत्येक रंगाला एक कुंचला ठेवला, की थंड झाल्यावर तो दगडासारखा कडक होतो आणि पुढच्या वेळी प्लेटवर टेकवताच पुन्हा मऊ होतो.

कोरीवरेघ

बारीक रेघेवर अजून कोणी बोललेले नाही, म्हणून लिहितो. पण त्याआधी मेणपाटी यांच्या म्हणण्याशी माझा थोडा मतभेद नोंदवतो. खालपर्यंत उष्णता पोहोचली पाहिजे, हे खरेच आहे. मात्र नवशिक्या वाचकाला त्यातून असे वाटू शकते की प्रत्येक थर गुळगुळीत होईपर्यंत वितळवायचाच आहे. असे केले की एन्कॉस्टिकचे सगळे सौंदर्य निघून जाते आणि उरते ती रंगीत मेणाची सपाट लादी. अमेरिकन चित्रकार जास्पर जॉन्स यांनी १९५४ ते १९५५ या काळात केलेले ‘फ्लॅग’ हे चित्र आठवून पहा. एन्कॉस्टिक, तैलरंग आणि वर्तमानपत्राचे तुकडे यांतून ते घडले आहे, आणि त्यात एकेक फटकारा वेगळा उमटून दिसतो, कारण मेण लगेच गोठते आणि पुढचा फटकारा मागच्याला बिघडवत नाही. हा गुणच जर हीट गनने पुसून टाकायचा असेल, तर मग तैलरंगच का वापरू नयेत? तेव्हा एकजीव करणे म्हणजे थर चिकटेल इतकेच तापवणे. फटकाऱ्याच्या कडा हलू लागल्या की थांबावे.

आता रेघ. वितळलेल्या मेणाने काढलेली बारीक रेघ हीट गनखाली पसरणारच, कारण जी उष्णता तिला चिकटवते, तीच तिला वाहवते. म्हणून रेघ मेणाने काढूच नये, ती मेणात कोरावी. शेवटचा थर पूर्ण एकजीव करून थंड होऊ द्यावा, पण बर्फासारखा कडक होऊ देऊ नये. किंचित कोमट असताना मेण चीजसारखे कापले जाते, थंड झाल्यावर मात्र कडा फुटतात. सुई किंवा मातीकामातले टोकदार हत्यार घेऊन रेघ कोरावी, निघालेला चुरा मऊ कुंचल्याने झाडावा, मग गडद तैलरंग किंवा तैलरंगाची कांडी बोटाने त्या खोबणीत दाबून भरावी. वरचा जादा रंग कापडाला अगदी थोडे जवसाचे तेल लावून पुसून काढावा. रंग खोबणीत राहतो, पृष्ठभागावरून निघून जातो, आणि केसाएवढी रेघ स्वच्छ उभी राहते. त्या रेघेवर पुन्हा जोरात उष्णता देण्याची गरज नाही. जवसाचे तेल लागलेली कापडे मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकावीत.

तुम्ही जलरंगांतून आला आहात, तेव्हा तुमच्या हातात असलेला आणखी एक मार्ग सांगतो. जलरंगाच्या कागदावर नेहमीसारखी रेखाटने आणि हलके रंग करा, तो कागद कोऱ्या लाकडी पाटीवर गोंदाने पक्का चिकटवा, आणि गोंद पूर्ण वाळल्यावर त्यावर स्वच्छ मीडियमचे थर चढवा. जलरंगाला मेण विरघळवत नाही. कागद मात्र मेण पिऊन अर्धपारदर्शक होतो आणि पेन्सिलची रेघ पाण्याखाली दिसावी तशी खोलवर दिसू लागते. ती रेघ तिथे मेणात कैद झालेली असल्यामुळे वर कितीही उष्णता दिली तरी हलत नाही. केवळ कागदावर किंवा ताणलेल्या कॅनव्हासवर मात्र हे करू नये, कारण मूळ पृष्ठभाग वाकला की मेण तडकते.

मेणपाटी

कोरीवरेघ यांचा मुद्दा मान्य आहे, आणि माझ्या वाक्यातून तसा गैरसमज झाला असता, हेही मान्य. फक्त एक पुस्ती जोडते. जॉन्स यांच्यासारखा फटकारा जपायचा असेल, तर त्याखालची जमीन अधिकच काळजीने एकजीव केलेली असावी लागते. फटकाऱ्यांची मोकळीक घ्यायची असेल, तर तिची किंमत जमिनीत आधी भरावी लागते. आणि ज्योतीच्या गॅस टॉर्चविषयी कोणी विचारलेले नसले तरी सांगून ठेवते की, कागद चिकटवलेल्या पाटीवर टॉर्च फिरवू नये. हीट गन हवेने मेण ढकलते, हा तिचा दोष खरा. तो टाळायचा असेल तर उष्णता देणाऱ्या दिव्याखाली पाटी धरता येते, तिथे हवाच नसते. टॉर्चची ज्योत मात्र नेमक्या एका जागी उष्णता देते आणि हात थोडा रेंगाळला की तिथे खड्डा पडतो.

वाचकनजर

मी रंगवत नाही, परंतु या माध्यमाच्या इतिहासाचा अभ्यास करते, म्हणून जमिनीच्या चर्चेला एक दाखला जोडावासा वाटतो. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकात रोमन सत्तेखालच्या इजिप्तमध्ये ममींच्या तोंडावर बसवण्यासाठी व्यक्तिचित्रे रंगवली जात. फायूम चित्रे म्हणून ती ओळखली जातात, आणि अशी सुमारे ९०० चित्रे आज ज्ञात आहेत. त्यांतली पुष्कळशी मेणात रंगवलेली आहेत, आणि ती प्रामुख्याने पातळ लाकडी फळ्यांवर आहेत. मेण आणि लाकूड यांची सोबत किती जुनी आहे, हे त्यांच्याकडे पाहून कळते. सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरीन मठात सहाव्या शतकातले ख्रिस्ताचे एक प्रसिद्ध चित्र आहे, तेही मेणातले, लाकडी फळीवरचे.

एन्कॉस्टिक या ग्रीक मूळ असलेल्या शब्दाचा अर्थच ‘जाळून आत मुरवलेले’ असा आहे. म्हणजे उष्णता देण्याची क्रिया माध्यमाच्या नावातच आहे, राळ मात्र नावात नाही. प्लिनी या रोमन लेखकाने या पद्धतीबद्दल लिहिले आहे, आणि जहाजे रंगवण्यासाठी आगीवर मेण वितळवून कुंचल्याने लावत, असेही तो सांगतो. आजची डमार राळ आग्नेय आशियातल्या झाडांपासून मिळते. तेव्हा आठास एक हे प्रमाण प्राचीन परंपरेने ठरलेले नाही, ती आजच्या चित्रकारांची सोय आहे. राळ कमी-जास्त करून पाहण्यात कोणताही धर्मभंग होत नाही, एवढेच सांगायचे होते.

राळ_आणि_राख

धर्मभंग होत नाही, पण परिणाम मात्र होतात. राळेमुळे मेण कडक होते, त्याचा वितळण्याचा बिंदू थोडा वर जातो आणि पृष्ठभाग घासल्यावर चकाकी येते. राळ फार झाली तर थर ठिसूळ होऊन तडकतो. चारास एक इतकी कडक मिश्रणेही लोक वापरतात, पण मला विचाराल तर शिकताना आठास एक हे प्रमाण सोडू नका. एकाच वेळी जमीन, उष्णता आणि प्रमाण असे तिन्ही बदलले, तर चूक कुठली आणि सुधारणा कुठली, हे कळायचे नाही.

शिकाऊ_कुंचला

पंधरा दिवसांनी परत आलो आहे. चर्चेतून उचललेल्या गोष्टी मी १० सेंटिमीटरच्या सहा छोट्या पाट्यांवर करून पाहिल्या. त्यांत चित्र काढायचे नाही, असे स्वतःला बजावले होते, कारण चित्र काढायला लागलो की मी प्रयोग विसरतो.

पहिल्या दोन पाट्यांवर पुन्हा मुद्दाम ॲक्रिलिक जेसो दिला, पुढच्या दोन कोऱ्या ठेवल्या आणि उरलेल्या दोहोंवर जलरंगाचा कागद चिकटवला. सगळ्यांवर मेणाचे सारखेच चार थर दिले. तीन दिवसांनी प्रत्येक पाटीवर सुरीने जाळीसारख्या आडव्या-उभ्या चिरा पाडल्या आणि सुरीचे टोक चौकोनाखाली घालून उचलून पाहिले. जेसोवरचे चौकोन टक् असा आवाज करून एकेक सुटे झाले. मला तर चॉकलेटच्या वड्या मोडाव्यात तसे वाटले. कोऱ्या लाकडावर सुरी मेणात शिरली, मेण खरवडले गेले, पण एकही चौकोन पूर्ण निघाला नाही. खाली लाकडाच्या शिरांत मेणाचा पिवळसर अंश दिसत राहिला. कागदावर मेणाबरोबर कागदाचे तंतूच उपटून आले, म्हणजे मेणाने कागद सोडण्याऐवजी कागद फाटणे पत्करले. माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला सुरीच्या टोकावर मिळाले.

तापमापक आणला. माझ्या प्लेटची मध्यम खूण म्हणजे ११८ अंश निघाले. तीन महिने मी त्या धुरात बसत होतो आणि दुपारची डोकेदुखी चष्म्याच्या नंबरावर ढकलत होतो. आता कमी खुणेच्या थोडे पुढे, ८८ अंशांवर पेनने रेघ मारली आहे आणि पंखा खिडकीत उलटा बसवला आहे. मेण जरा घट्ट वाहते, त्यामुळे हात सावकाश झाला, आणि गंमत म्हणजे छिद्रेही कमी झाली.

कोरलेली रेघ पहिल्या तीन वेळा फसली. पहिल्यांदा मेण फार थंड होते, कडा चिरल्या. दुसऱ्यांदा फार मऊ होते, हत्याराबरोबर मेणाची लोकर निघाली. तिसऱ्या वेळी रेघ चांगली आली, पण पुसताना तेल जास्त घेतल्यामुळे सगळ्या पृष्ठभागावर राखाडी छटा पसरली. चौथ्या वेळी पाटी उलट्या तळहातावर ठेवून पाहिली. ऊब जाणवेनाशी होण्याच्या बेतात असताना कोरली, आणि रेघ अगदी सुईच्या जाडीची आली. दुसऱ्या एका कागदी पाटीवर पेन्सिलने झाडाची एक फांदी काढून तिच्यावर तीन थर दिले आहेत, आणि मान्य करतो की ती पाटी मी दिवसातून चार वेळा हातात घेऊन बघतो.

निळ्या चित्रावरची साय मात्र तशीच आहे. तिच्याविषयी कोणी काही सांगू शकेल का?

मेणपाटी

आपल्या सुरीच्या प्रयोगाने माझ्या लांबलचक उत्तरापेक्षा जास्त काम केले आहे. नवीन येणाऱ्यांना मी यापुढे तोच दाखवीन.

साय म्हणजे बुरशी नव्हे. मेणातले काही घटक थंडीत पृष्ठभागावर येऊन बसतात आणि गडद रंगावर ते जास्त उठून दिसतात. पाटी हातात धरून थोडी उबदार होऊ द्या आणि मऊ, धागे न सोडणाऱ्या सुती कापडाने हलक्या हाताने गोल गोल घासा. साय नाहीशी होईल आणि चकाकी येईल. पहिले काही महिने ती पुन्हा पुन्हा येते, कारण थर अजून पक्का होत असतो. दर वेळी असेच घासावे, हळूहळू तिचे येणे थांबते. घासताना कापडावर निळा रंग उतरू लागला, तर त्या थरात रंगद्रव्य जास्त आणि मेण कमी पडले आहे, असे समजावे. त्यावर स्वच्छ मीडियमचा एक अगदी पातळ हात देऊन एकजीव करावा. चित्र थेट उन्हात किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये. गोठवणारी थंडीही तितकीच वाईट, कारण तेव्हा मेण ठिसूळ होते आणि लहानशा धक्क्याने कोपरा उडतो.

जेसोवरची उरलेली पाच चित्रे वाचवायची असतील, तर निदान ती भिंतीवर अशा जागी लावा, जिथे कोणाचा खांदा लागणार नाही. ती पाटीवर पुन्हा पक्की करण्याचा उपाय मला माहीत नाही, आणि त्यांच्यावर आणखी थर चढवणे म्हणजे सुटणारे वजन वाढवणे आहे.

शिकाऊ_कुंचला

साय गेली. कापड पांढरेच राहिले. पाच चित्रांपैकी दोन मला स्वतःलाच फारशी आवडत नव्हती, त्यांचे मेण खरवडून वितळवत आहे. त्या मिश्र रंगातून राखाडीकडे झुकणारी एक हिरवट छटा तयार झाली आहे, जी मी ठरवून कधीच मिसळली नसती. ती फांदीच्या मागच्या आकाशासाठी वापरणार आहे, कोऱ्या लाकडावर.